प्रस्ताव दर वेळी परत येतो? आधी कुठल्या टेबलावर अडकतो ते शोधा

आमच्या संस्थेच्या कपाटात एक निळी फाईल आहे. अध्यक्षांनी तिच्यावर स्केचपेनने ‘खेदपत्रे’ असं लिहून ठेवलंय. चार वर्षांत तिच्यात अकरा कागद जमले. मजकूर थोड्याफार फरकाने तोच: आपलं कार्य स्तुत्य आहे, तथापि यंदा… पुढचं वाचावं लागत नाही.

काम तसं साधं. बीड जिल्ह्यातलं एक गाव आणि शेजारच्या दोन वस्त्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले कोयते कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. हिशोब माणसांचा होत नाही, कोयत्यांचा होतो. मुलं एक तर सोबत फडावर जातात, नाही तर आजीपाशी राहतात. आजीपाशी राहिलेल्यांना संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्रीचं जेवण मिळालं, तर ती गावात टिकतात. तेवढंच आम्ही करतो आणि त्यासाठी कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे त्यांनी सामाजिक कामावर खर्चायचा, निधी मागतो.

प्रत्येक नकारानंतर आम्ही ‘सुधारणा’ करायचो. स्पायरल बाइंडिंग केलं. फोटो वाढवले. बारा पानांचा प्रस्ताव अठ्ठावीस पानांवर नेला. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी सुरुवातीला ज्ञानेश्वरीतली ओवी घातली. कंपनीचं नाव बदलून तोच कागद पुढच्या दारात. एकदा तिसऱ्या पानावर आधीच्या कंपनीचंच नाव राहिलं, आणि ते आम्हाला कळलं त्यांच्या उत्तरातून.

प्रस्ताव एकाच माणसापुढे जात नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आधी कागदपत्रं तपासणारा असतो, मग पहिलं पान वाचणारा, मग आकडे बघणारा, मग गावात येऊन जाणारा. प्रत्येक टेबलावर तो वेगळ्या कारणाने मरतो, आणि पत्र मात्र सगळ्यांचं सारखंच येतं. बाइंडिंग बदलून प्राप्तिकराच्या १२ए नोंदणीचं प्रमाणपत्र जागेवर येत नाही.

आधी विचारा, पण प्रश्न बदला

‘आमचा प्रस्ताव का नाकारला?’ असं विचारलं की समोरचा सावध होतो आणि पत्रातलंच वाक्य पुन्हा वाचून दाखवतो. मी दोन वर्षं हेच विचारत होते. मग एकदा सहज विचारलं, ‘सर, कागदपत्रांची छाननी झाली होती का? समितीपुढे गेला होता, की त्याच्या आधीच थांबला?’ पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘नाही ताई, समितीपर्यंत गेलाच नाही. तुमच्या पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नव्हतं.’ एवढं सांगायला कोणाची ना नसते. त्यात त्यांच्यावर आरोप नसतो.

उत्तरच येत नसेल, तर कागद बघा

आमच्या नावात ‘बहुउद्देशीय’ आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्थांच्या नावात तो असावा. या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग जो तो आपापल्या मनाने करतो. पॅनवर त्यात एक ‘यू’, बँकेत दोन, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर शेवटी जास्तीचा ‘ए’. माणसाला तो एकच शब्द वाटतो. तपासणाऱ्याच्या यादीत त्या तीन वेगळ्या संस्था होतात. पॅनवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, आम्हाला तीन महिने लागले.

दुसरी गोम पीटीआरची, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीची. धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर आमचे एक विश्वस्त अजून हयात होते. प्रत्यक्षात त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आम्ही दिला होता उशिरा, त्यामुळे तो पडून होता, आणि प्रस्तावावर सही करणाऱ्या सचिवांचं नाव उताऱ्यावर नव्हतंच. आता बदल अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच आणि ठरावाची प्रत आम्ही आपणहून जोडतो, वर दोन ओळींचा खुलासा. लपवलं तर संशय येतो. सांगितलं तर बहुतेक वेळा चालून जातं.

बाकीचं पटकन सांगते. कंपनीने स्वतः किंवा सरकारने काढलेली संस्था नसेल, तर सीएसआरचं काम घ्यायला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. १२ए आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) दोन्ही हवेत. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांकही घ्यावा लागतो. त्याच तारखेपासून १२ए-८०जीची नवी नोंदणी ठरावीक मुदतीची झाली, म्हणून जुनं ‘कायमस्वरूपी’ प्रमाणपत्र जोडून गप्प बसू नका. आणि संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत तुम्ही मागताय ते काम आहे का, हे एकदा स्वतः वाचा. ‘बहुउद्देशीय’ असूनही नेमका तोच उद्देश नसतो!

‘आमच्या धोरणात बसत नाही’

हे वाक्य आलं की आम्ही समजायचो, टाळतायत. बऱ्याचदा ते शब्दशः खरं असतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. तो त्याच कायद्याच्या अनुसूची सातमधल्या विषयांवरच. आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं त्याच कलमात आहे. चाकणला कारखाना असलेल्या कंपनीने बीडच्या वस्तीला ‘नाही’ म्हटलं, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

तेव्हा लिहायच्या आधी कंपनीचं सीएसआर धोरण आणि मागच्या वर्षीच्या प्रकल्पांची यादी बघा. दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर ठेवावी लागतात. आम्ही अकरा ठिकाणी पाठवले, त्यातले पाच मुळात पाठवायलाच नको होते. दोन कंपन्या फक्त पर्यावरणाचं काम करत होत्या आणि तिघींचा मराठवाड्याशी काडीचा संबंध नव्हता.

खरं दुखणं: गरज एक, काम दुसरं, पैसे तिसऱ्यालाच

कागद जागेवर, कंपनी योग्य, तरीही नकार. इथं मात्र दोष लिहिण्यात असतो. आमच्या प्रस्तावात तो कसा होता ते उघडच दाखवते.

गरज या सदरात होतं: ‘ग्रामीण भागातील ऊसतोड कामगारांच्या पाल्यांचे शैक्षणिक नुकसान होत असून त्यांचा सर्वांगीण विकास साधणे ही काळाची गरज आहे.’ उपक्रमात होतं: ‘डिजिटल अभ्यासिका’. आणि सात लाखांच्या अंदाजपत्रकात ३ लाख ६० हजार रुपये तीस टॅबलेटांचे.

टॅबलेट कुठून आले? त्या वर्षी जी कंपनी बघावी ती ‘डिजिटल शिक्षण’ म्हणत होती, म्हणून आम्हीही म्हटलं. वाचणाऱ्याने सरळ विचारलं, ‘मुलगा आईबरोबर फडावर जातो कारण गावात त्याला रात्री जेवायला घालणारं कोणी नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग टॅबलेट दिल्यावर तो थांबेल कसा?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं स्वतःचं काम आम्हीच त्या कागदात पुरून टाकलं होतं.

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडायचे: काय बिघडलंय, आपण काय करणार, पैसे कशाला. डावीकडच्या प्रत्येक ओळीतून उजवीकडे बोट सरकवत न्यायचं. मधे बोट अडलं, की ती ओळ खोडायची, नाही तर सुटलेली ओळ लिहायची. टॅबलेट पहिल्याच फेरीत गेले. जेवण, जे आम्ही ‘इतर खर्चा’त दडवलं होतं, ते सगळ्यात वर आलं.

मग गरज पुन्हा लिहिली: ‘जिल्हा परिषद शाळेच्या पटावर पहिली ते सातवीची ११४ मुलं आहेत. मागच्या हंगामात त्यांपैकी ७१ जणांचे आई-वडील तोडीला गेले. ३३ मुलं सोबत गेली, ३८ आजी-आजोबांजवळ राहिली. मागे राहिलेल्या ३८ पैकी ९ जणांनी जानेवारीनंतर शाळेत येणं थांबवलं.’ एकही विशेषण नाही. हे आकडे मिळवायला खर्च आला नाही, मुख्याध्यापकांसोबत दोन दुपारी हजेरीपत्रक घेऊन बसले. गेली चार वर्षं ते पत्रक आमच्या अभ्यासिकेपासून शंभर पावलांवर होतं.

उद्दिष्टाचंही तेच. ‘६० मुलांना मार्गदर्शन करणे’ हे आपण काय केलं ते सांगतं, मुलांचं काय झालं ते सांगत नाही. आता आमची दोनच उद्दिष्टं असतात. नोव्हेंबरात अभ्यासिकेत आलेल्या ६० पैकी किमान ५० मुलं एप्रिलच्या परीक्षेला हजर असतील. पुरावा शाळेचं हजेरीपत्रक. तिसरी ते पाचवीतल्या ज्या मुलांना नोव्हेंबरात शब्दापलीकडे वाचता येत नाही, त्यांतली निम्मी एप्रिलपर्यंत परिच्छेद वाचतील. पुरावा अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात तसली तोंडी चाचणी, एका मुलाला पाच मिनिटं. अध्यक्षांना ‘निम्मी’ खटकलं. शंभर टक्के लिहा म्हणाले. मी म्हटलं, सर, तुमच्या चाळीस वर्षांत एखाद्या वर्गाचा कधी शंभर टक्के लागला होता का? मग हसले आणि सही केली.

एक प्रश्न हमखास येतो: ‘सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत की, मग तुम्ही कशाला?’ आम्ही हा विषय टाळायचो, जणू तो निघालाच नाही तर बरा. आता गरजेच्या सदरातच लिहितो, की शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वसतिगृह चालतं तिथं आम्ही जात नाही. या गावात मागच्या दोन हंगामांत ते सुरू झालं नाही. सुरू झालं तर आमचा जेवणाचा खर्च थांबेल आणि फक्त अभ्यासिका राहील. वाचणाऱ्याच्या मनात येणारी शंका आपणच आधी मांडली की प्रस्तावाचं वजन वाढतं.

अंदाजपत्रक

जेवण वर आलं, तरी त्याची ओळ आधी एवढीच होती: ‘भोजन खर्च: ३,००,०००.’ बैठकीत कोणी विचारलं, तीन लाख कसे? अध्यक्ष म्हणाले, ‘अंदाजे.’ अंदाजपत्रकात अंदाज असणारच, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशीची खोलीतली शांतता अजून आठवते.

पुढच्या वेळी मी स्वयंपाक करणाऱ्या मावशींसमोर वही घेऊन बसले. साठ मुलांचं एका रात्रीचं सांगा म्हटलं. त्या बोटांवर मोजत गेल्या: तूरडाळ अडीच किलो, ३५० रुपये. तांदूळ पाच किलो, २२५. ज्वारीचं पीठ सहा किलो, २७०. भाजी २५०. तेल १५०. तिखट-मीठ-मसाला ७५. गॅस ३००, म्हणजे मोठी टाकी सहा दिवस. आणि आठवड्यातून दोनदा अंडी, एरवी शेंगदाणा-गुळाची चिक्की, त्याचे सरासरी ३००. बेरीज १,९२०. मुलामागे ३२ रुपये.

ओळ अशी झाली: ६० मुलं × १५० दिवस × ३२ रुपये = २,८८,०००. तीन लाखांपेक्षा बारा हजारांनी कमी, आणि भांडण शून्य. सोबत मावशींची यादी परिशिष्ट म्हणून जोडली. यालाही फाटा फुटलाच: ‘रोज साठच्या साठ येतात?’ नाही येत. मागच्या हंगामाची सरासरी ५२ होती. म्हणून खाली टीप घातली, की जेवणाचा खर्च प्रत्यक्ष हजेरीवर पडेल, उरलेली रक्कम लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या सदरात वळवणार नाही.

बाकीची सदरं त्याच पद्धतीने: दोन शिक्षकांचं मानधन सहा महिन्यांचं ९६,०००, दोन स्वयंपाकी मावशी ६०,०००, समन्वयक ७२,०००, वह्या-पुस्तकं मुलामागे ६०० प्रमाणे ३६,०००, वीज आणि जागा १८,०००, हिशोब व ऑडिट १५,०००. एकूण ५,८५,०००. मुलामागे हंगामाचे ९,७५०, म्हणजे दिवसाला ६५ रुपये. हा शेवटचा आकडा पहिल्या पानावर जायलाच हवा. समितीत बसलेल्या माणसाला तो एकच लक्षात राहतो.

मानधनाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं सगळे चाचपडतात. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही’ असं कुणीतरी सांगतं आणि संस्था आपल्या माणसांचे पगार कापून बसतात, किंवा ते ‘प्रशिक्षण’ नावाच्या ओळीत लपवतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्याच्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च नियमाने त्या व्याख्येतून वगळलेला आहे. शिकवणारा शिक्षक हा प्रकल्पच आहे. त्याला प्रशासन म्हणू नका. दुसरीकडे २० टक्के हा आकडा ऐकू येतो, तो परदेशी देणग्यांच्या कायद्यातला. २०२० च्या दुरुस्तीने तो ५० वरून २० वर आला. सीएसआरशी त्याचा संबंध नाही. एखाद्या कंपनीची स्वतःची अंतर्गत मर्यादा असू शकते, ती विचारून घ्या. पण पगार लपवू नका. तो ऑडिटमध्ये उघडा पडतोच, आणि मग पुढच्या वर्षीचं दार बंद.

तारीख चुकली की सगळं चुकलं

आम्ही प्रस्ताव पाठवायचो सप्टेंबरात, कारण तेव्हा गावात हालचाल सुरू व्हायची आणि आम्हाला जाग यायची. मंजुरी आली असती तरी पैसे जानेवारीत. तोवर मुलं कोल्हापूर-सांगलीकडे नाही तर कर्नाटकात, उसाच्या पाचटाच्या कोपीत.

कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. सीएसआर समिती वार्षिक कृती आराखडा बनवून संचालक मंडळापुढे ठेवते. त्या आराखड्यात बसायचं असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीतच बोलणं व्हायला हवं. मे-जून म्हणजे शेवटची गाडी. मार्चच्या तोंडावर ‘निधी शिल्लक आहे, लगेच प्रस्ताव द्या’ असे फोनही येतात. एकदा आम्ही हुरळून होकार दिला आणि नोव्हेंबरचं काम मार्चात कसं दाखवायचं, यावर आठवडाभर डोकं धरून बसलो. शेवटी नाही म्हणालो. तो एक नकार आमच्या बाजूचा, फाईलमध्ये नाही.

यातच एक बारीक काटा आहे. आमचा हंगाम ३१ मार्च ओलांडून एप्रिलपर्यंत जातो. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असं होत नाही. ते ठरल्याप्रमाणे वापरले गेले, हे कंपनीच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणजे एप्रिलचं जेवण त्यांना अडचणीचं. हे आधीच लिहा: प्रकल्प ‘ऑनगोइंग’, म्हणजे एका आर्थिक वर्षापलीकडे चालणारा, म्हणून मंजूर करावा, किंवा एप्रिलचा खर्च संस्था लोकवर्गणीतून करेल. आम्ही दुसरं लिहिलं. गावातून एप्रिलची ज्वारी गोळा होते, तिचाही हिशोब आता वहीत असतो.

भेटीनंतर शांतता

गावभेट झाली, चहापाणी झालं, आणि मग काहीच नाही. असं दोनदा झालं. पहिल्या वेळी आम्ही गेटवर रांगोळी काढली होती, मुलांचं स्वागतगीत बसवलं होतं, शाल-श्रीफळ आणलं होतं. पाहुण्यांनी हजेरीची वही मागितली, तर ती शिक्षकाच्या घरी.

तिसऱ्या वेळी काहीच केलं नाही. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती, नेहमीची. मुलं वाचत बसली होती, काही भांडत होती. आलेल्या बाई हजेरीची वही चाळत उभ्या राहिल्या, मग स्वयंपाकघराकडे वळल्या. मावशी भाकरी थापत होत्या.

‘मावशी, साठ पोरांना डाळ किती लागते हो?’

‘अडीच किलो,’ मावशी मान वर न करता म्हणाल्या. ‘कमी पोरं असली तर दोन. आज दोनच टाकलीया.’

बाईंनी पर्समधून आमचं अंदाजपत्रक काढलं, परिशिष्टावर बोट ठेवलं आणि वहीतली त्या दिवशीची हजेरी बघितली. अठ्ठेचाळीस होती.